संशयाचा फायदा कुणाला?

25 एप्रिल 1891 रोजी मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी खाली पडल्या आणि गेल्या. एकीचं नाव बच्चूबाई, घरच्यांची बाचा. तिचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. दुसरी पिरोजबाई, तिच्या सासरच्या नात्यातली, वयाने तिच्याहून लहान. संशय माणेकजी असलाजी नावाच्या तरुणावर गेला. त्याला अटक झाली, खटला चालला, पुरावा पुरेना, तो सुटला. त्या दोघी तोल जाऊन पडल्या, त्यांनी आपणहून उड्या टाकल्या की त्यांना कुणी ढकललं, हे कोर्टात ठरलं नाही. बाचाचा नवरा पुढे वकिलीत रमला नाही. 1897 साली त्याने मुंबईत कुलपं करायला सुरुवात केली. तो अर्देशीर गोदरेज. त्याने पुन्हा लग्न केलं नाही.

या घटनेनंतर 129 वर्षांनी, 2020 साली, नेव्ह मार्च या मुंबईच्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या पारशी लेखिकेने तिच्यावर ‘मर्डर इन ओल्ड बॉम्बे’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. खरी माणसं, खरा गुन्हा, खरं शहर आणि रचलेला तपास असा हा प्रकार गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर जोरात आहे आणि त्यात मुंबई वारंवार येते. म्हणून त्याचा आढावा घ्यायला राजाबाई टॉवरचा पायथा ही जागा बरी.

आढावा घेताना कसोटी कुठली लावायची? वेशभूषा, भाषा, ट्रामचे मार्ग बरोबर आहेत का, ही एक झाली. पण ती परीक्षकाची. मला कोर्टातला एक शब्दप्रयोग जास्त उपयोगी वाटतो: संशयाचा फायदा. कोर्टात तो आरोपीला मिळतो आणि मिळायलाच हवा. पण निकाल ‘पुराव्याअभावी’ लागला की उरलेला संशय जातो कुठे? तो गावात हिंडतो आणि बहुतेक वेळा मेलेल्या माणसाच्या अंगाला चिकटतो. ती तिथे गेलीच कशाला, सोबत पुरुषमाणूस का नव्हता, असे प्रश्न 1891 मध्ये पडले आणि आजही पडतात. खऱ्या माणसांवरची रहस्यकादंबरी हा उरलेला संशय उचलते आणि त्याचं नव्याने वाटप करते. कुणाच्या पदरात किती टाकला, यावर तिची किंमत ठरते.

या वाटेचे पहिले प्रवासी

हा प्रकार रहस्यकथेच्या जन्माइतकाच जुना आहे. जुलै 1841 मध्ये न्यूयॉर्कच्या एका सिगार दुकानात काम करणाऱ्या मेरी रॉजर्स या तरुणीचं प्रेत हडसन नदीत सापडलं. एडगर ॲलन पो याने लगेच पुढच्या वर्षी ती घटना उचलून पॅरिसला नेली, मेरी रॉजर्सची मारी रोजे केली आणि आपल्या द्युपँ या सत्यशोधकाला केवळ वर्तमानपत्रांची कात्रणं वाचून उत्तर काढायला बसवलं. कथा मासिकातून तीन हप्त्यांत येणार होती. दोन हप्ते तयार झाले आणि खऱ्या तपासात नवीनच माहिती पुढे आली: मेरीचा खून झालाच नसावा, गर्भपात करताना ती दगावली असावी. पोची पंचाईत झाली. शेवटचा हप्ता त्याला लांबवावा लागला आणि उत्तर धूसर करावं लागलं. खऱ्या माणसावर लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर ही भीती तेव्हापासून बसली आहे: आपलं उत्तर छापून व्हायचं आणि तेवढ्यात एखादा कागद निघायचा.

विल्की कॉलिन्सने अधिक शहाणपणा केला. 1860 मध्ये इंग्लंडमधल्या रोड या गावी एका सुखवस्तू घरातल्या लहान मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डच्या जॅक व्हिचरचा संशय मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर गेला. आधार काय, तर धोब्याच्या यादीतला तिचा एक रात्रीचा झगा हरवला होता. खालच्या वर्गातला पोलीस वरच्या वर्गातल्या मुलीच्या कपड्यांची चौकशी करतो म्हणून गहजब झाला, व्हिचरचं नाव खराब झालं. पाच वर्षांनी मुलीने स्वतःच कबुली दिली. कॉलिन्सने 1868 च्या ‘द मूनस्टोन’मध्ये खून गाळला, मूल गाळलं, ते कुटुंबही गाळलं. झगा तेवढा घेतला आणि त्याला रक्ताऐवजी दाराच्या ओल्या रंगाचा डाग लावला. व्हिचरची सावली त्याच्या सार्जंट कफवर पडली. खऱ्या घटनेतली नेमकी एक वस्तू उचलावी आणि माणसांना सोडून द्यावं, ही रीत कॉलिन्सने दाखवली.

जोसेफिन टे हिने 1951 च्या ‘द डॉटर ऑफ टाइम’मध्ये अगदी उलटा रस्ता धरला. पाय मोडून इस्पितळात पडलेला पोलीस इन्स्पेक्टर तिसऱ्या रिचर्डचं चित्र बघतो, हा चेहरा पुतण्यांना मारणाऱ्या काकाचा नाही असं त्याला वाटतं आणि तो पलंगावर पडल्या पडल्या 1483 सालचा तपास करतो. रिचर्ड निर्दोष सुटतो. पण गुन्हा कुणाच्या तरी माथी मारायला हवा, म्हणून तो सातव्या हेन्रीच्या माथी मारला जातो. कादंबरी एकाला संशयाचा फायदा देते आणि दुसऱ्याला त्याची बाजू न ऐकता दोषी ठरवते. वाचताना ते लक्षात येत नाही, इतकी ती चतुर आहे.

मार्गारेट ॲटवुडच्या ‘एलियस ग्रेस’मध्ये (1996) तिसरी वाट दिसते. 1843 साली कॅनडात एका घरमालकाचा आणि त्याच्या घर सांभाळणाऱ्या बाईचा खून झाला. गडी फासावर गेला. सोळा वर्षांची मोलकरीण ग्रेस मार्क्स जन्मठेपेवर गेली आणि जवळजवळ तीस वर्षांनी, 1872 मध्ये, माफी मिळून सुटली. ॲटवुड तिला तिच्या खऱ्या नावाने बोलू देते, रजईचे तुकडे जोडत बसवते, डॉक्टरपुढे आठवणी सांगू देते, पण खून तिने केला की नाही, हे शेवटपर्यंत सांगत नाही. वाचक चिडतो. मात्र वीस वर्षांनी कागद निघाला तरी ही कादंबरी पडणार नाही.

तीन पारशी, तीन उत्तरं

आता मुंबईकडे. इंग्रजीतल्या या कादंबऱ्यांमध्ये पारशी माणसं इतकी दिसतात की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

नेव्ह मार्चची कादंबरी घटनेच्या पुढच्या वर्षी, 1892 मध्ये, पुण्याच्या लष्करी इस्पितळात उघडते. टेच्या इन्स्पेक्टरसारखाच इथलाही नायक पलंगाला खिळलेला आहे: कॅप्टन जिम अग्निहोत्री, आई हिंदुस्थानी आणि वडील गोरे, जखमी घोडेस्वार आणि शेरलॉक होम्सचा भक्त. होम्स तेव्हा खरोखरच नवा होता. त्याची पहिली कादंबरी 1887 ची, दुसरी 1890 ची. जिम वर्तमानपत्रात विधुर नवऱ्याचं पत्र वाचतो आणि तपासाला निघतो. लेखिकेने नावांचं काय केलं, ते बघण्यासारखं आहे. अर्देशीरचा अदी फ्रामजी झाला. आरोपीचं माणेक राहिलं, आडनाव बदललं. पिरोजबाईची पिल्लू झाली. बाचा मात्र बाचाच राहिली. मला ही या कादंबरीतली सर्वात विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. घराण्याला आडोसा दिला आणि मेलेलीला तिचं नाव दिलं.

पुढे कादंबरी लांब पल्ल्याची होते. जिम वायव्य सरहद्दीपर्यंत जातो, वेषांतर करतो, अनाथ पोरं गोळा करतो, अदीच्या बहिणीच्या, डायनाच्या प्रेमात पडतो आणि मिश्र रक्ताच्या माणसाला पारशी घरात जागा नाही, या भिंतीवर आपटतो. मधल्या भागात साहसकथा तपासाला झाकून टाकते, ही तक्रार रास्त आहे. पण मनोऱ्याच्या सज्जात उभं राहून पावलं मोजणारा, कठडा किती उंच, खालून काय दिसतं, वरून ओरडलं तर कुणाला ऐकू जाईल हे तपासणारा जिम मनात राहतो. टॉवर 85 मीटर उंच आहे. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून तो उभा राहिला, आईचं नाव त्याला दिलं गेलं, 1878 मध्ये काम पुरं झालं तेव्हा शहरात त्याच्याएवढं उंच काही नव्हतं. एका बाईच्या नावाचा मनोरा आणि त्यावरून पडलेल्या दोन बाया, ज्यांची नावं शहर विसरलं: हा विरोध लेखिका कुठेही बोलून दाखवत नाही, हे बरं. कादंबरीतला अपराधी कोण ते इथे सांगायचं नाही; तो लेखिकेने घडवलेला आहे, एवढं पुरे. ज्याला कोर्टाने सोडलं त्याला तिने पुन्हा पिंजऱ्यात उभं केलं नाही. संशयाचा फायदा इथे आरोपीलाही मिळाला आणि मेलेल्यांनाही.

सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’मध्ये (2018) गुन्हा काल्पनिक आहे, खरं आहे ते नायिकेमागचं माणूस. 1921 सालची मुंबई. पेरवीन मिस्त्री वडिलांच्या वकिली कचेरीत काम करते. मलबार हिलवर एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात आणि आपला मेहेर धर्मादाय वक्फाला देऊन टाकायला तयार झाल्या आहेत. सह्या त्यांच्याच आहेत का? त्यांना विचारलं कुणी? पुरुष वकिलाला आत जाता येत नाही, पेरवीनला येतं. बंद खोलीतला खून हा रहस्यकथेचा घासून गुळगुळीत झालेला प्रकार. मॅसींनी जनानखान्याची जाळी हीच बंद खोली केली आणि बाई असणं हीच तिची किल्ली. कायद्याचं कलम आणि बाईचं जगणं एकमेकांत इतकं गुंतवलेली रहस्यकादंबरी मी दुसरी वाचलेली नाही. पेरवीनच्या स्वतःच्या लग्नाची कलकत्त्यातली आठवण, पाळीच्या दिवसांत सून ज्या कोंदट खोलीत डांबली जाते ती खोली, ही पानं तर खुनापेक्षा अंगावर येतात.

पेरवीनमागे मुख्यतः कॉर्नेलिया सोराबजी आहेत. जन्म नाशिकचा, 1866 चा, बालपण बेळगाव-पुण्याचं, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. परीक्षेत पहिल्या आल्या तरी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. वर्गणी जमली, ऑक्सफर्डला गेल्या, 1892 मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली ती 1922 मध्ये, तीस वर्षांनी. मधल्या काळात 1904 पासून त्या बंगाल, बिहार, ओरिसा, आसामातल्या संस्थानिक आणि जमीनदार घरांतल्या पडदानशीन बायकांच्या कायदा सल्लागार होत्या. पालखीतून, हत्तीवरून जात, जनानखान्यात बसून दस्तऐवज वाचून दाखवत. बायकांना वकिली करायला आडकाठी नाही, हे सांगणारा कायदा हिंदुस्थानात 1923 साली आला. त्याच वर्षी लंडनमध्ये बॅरिस्टर झालेल्या मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टात आल्या. पेरवीनच्या अंगात थोडा अंश त्यांचाही आहे.

पण इथे माझी एक तक्रार आहे. खऱ्या कॉर्नेलिया इंग्रजी राज्याच्या निष्ठावान होत्या. गांधींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता आणि हिंदुस्थानी समाजावर झोड उठवणाऱ्या कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाची बाजू त्यांनी घेतली, त्याची किंमतही मोजली. त्या पारशी ख्रिस्ती होत्या. पेरवीन अग्यारीत जाणारी आहे आणि तिचं मन स्वराज्याकडे झुकतं. आजच्या वाचकाला आवडेल असं सगळं पेरवीनकडे आलं, नडेल ते नाशिकच्या बाईंकडे राहिलं. नाव बदललं असल्याने लेखिकेला तो हक्क आहे. तरी बायकांच्या हक्कांसाठी हाडं झिजवणारी आणि त्याच वेळी साम्राज्याची पालखी वाहणारी बाई हे अधिक अवघड आणि म्हणून अधिक मोठं पात्र झालं असतं. संशयाचा फायदा देताना माणूस धुऊन पांढरा करायची गरज नसते.

तिसरं नाव जॉर्ज एडलजी. वडील शापूरजी मुंबईचे पारशी, ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधल्या ग्रेट वर्ली या खाणींच्या गावी पाद्री झालेले. मुलगा सॉलिसिटर, रेल्वेने प्रवास करणाऱ्या सामान्य माणसासाठी त्याने रेल्वे कायद्यावर एक पुस्तकही लिहिलं होतं. 1903 मध्ये गावात रात्री कुणीतरी गुरं-घोडी कापत होतं, निनावी पत्रं येत होती, आणि पोलिसांनी गावातल्या एकमेव सावळ्या कुटुंबाकडे बोट केलं. जॉर्जला सात वर्षं सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी कारण न देता सोडून दिलं. मग त्याने होम्सच्या निर्मात्यालाच गाठलं. आर्थर कॉनन डॉयल हॉटेलात त्याला भेटायला गेला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांपाशी धरून, तेही तिरकं करून वाचत होता. डॉयल डोळ्यांचा डॉक्टर. नजर इतकी अधू असलेला माणूस काळोख्या रात्री शेतं, कुंपणं, रेल्वेचे रूळ ओलांडून घोडं कापायला जाईल? बाकीचा तपास या एका निरीक्षणातून सुटत गेला. 1907 मध्ये जॉर्जला माफी मिळाली, पण निनावी पत्रं त्यानेच लिहिली असं म्हणून भरपाई नाकारली गेली. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचं कोर्ट त्याच वर्षी स्थापन व्हायला या प्रकरणाचा हातभार लागला.

ज्युलियन बार्न्सच्या ‘आर्थर अँड जॉर्ज’मध्ये (2005) सगळी नावं खरी आहेत. दोघांची आयुष्यं आलटून पालटून सांगत तो त्यांना त्या हॉटेलपर्यंत आणतो. आणि तिथे मोठा डाव खेळतो: डॉयलला जॉर्जमध्ये वंशद्वेषाचा बळी दिसतो, जॉर्ज मात्र स्वतःला इंग्रज वकील समजतो आणि रंगाचा काही संबंध असेल हे मान्यच करत नाही. ज्याला न्याय द्यायचा त्यालाच आपल्यावरच्या अन्यायाचं कारण पटत नाही. डॉयल तर खरा अपराधी कोण हे ठरवून मोकळा होतो, आणि कादंबरी त्याच्या त्या घाईकडे शंकेने बघते. या आढाव्यातली मला सर्वात प्रौढ वाटलेली कादंबरी ही.

टॉवेल आणि कागद

पारशीच का? समाज न्यायालयांत मुरलेला, वर्तमानपत्रं काढणारा, आपली भांडणं छापून मांडणारा. त्यामुळे कागद उरले. रहस्यकादंबरीला भूत लागत नाही, पंचनामा लागतो. 1959 च्या नानावटी खटल्याचं बघा. नौदलातला पारशी कमांडर, पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा, तीन गोळ्या. बचाव म्हणाला, झटापटीत पिस्तूल उडालं. सरकारी वकिलांनी विचारलं, आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल झटापटीत सुटला कसा नाही? ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटीला निर्दोष ठरवलं, हायकोर्टाने तो कौल बाजूला सारून जन्मठेप दिली, पुढे राज्यपालांची माफी मिळाली. सिनेमे निघाले, रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मध्ये त्याचं सोंग आलं, इंद्र सिन्हांची ‘द डेथ ऑफ मिस्टर लव्ह’ (2002) आली. बहुतेकांनी कमांडरची बाजू सजवली. मेलेल्या आहुजाच्या वाट्याला फक्त टॉवेल आला.

कादंबऱ्यांमध्ये कागदच नायक होतो, याचं टोक वसीम खान यांच्या ‘द डाइंग डे’मध्ये (2021) आहे. स्वातंत्र्यानंतरच्या मुंबईतली पर्सिस वाडिया ही पोलीस इन्स्पेक्टर काल्पनिक, पण चोरीला गेलेली वस्तू खरी: एशियाटिक सोसायटीतलं दान्तेचं जुनं हस्तलिखित. पर्सिसही पारशी, हे सांगायला नकोच.

आपल्या दप्तरातलं काय?

मग मराठीचं काय? कागद कमी आहेत म्हणावं तर पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीचे रुमाल अजून पुरते वाचून झालेले नाहीत. ऐतिहासिक कादंबरीची परंपरा 1871 च्या ‘मोचनगडा’पासूनची. रहस्यकथेची भूक तर अशी की एकट्या बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. दोन्ही नद्या भरून वाहतात. संगम मात्र क्वचितच दिसतो. ऐतिहासिक कादंबरीत आपण दर्शनाला जातो आणि दर्शनाला गेलेला माणूस उलटतपासणी करत नाही. रहस्यकथेत अर्णाळकरांचे नायक झुंजार आणि काळापहाड कुठल्याही शहरात, कुठल्याही साली धावू शकतात. 1972 मध्ये तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाने खऱ्या माणसांना अडचणीचे प्रश्न विचारले, तेव्हा नाना फडणविसांच्या चित्रणावरून केवढं वादळ उठलं, हे लेखक विसरलेले नाहीत.

पण विषय समोर पडले आहेत. 1761 च्या पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ ते आपणच, असं म्हणत एक तोतया उभा राहिला, 1776 मध्ये त्याने कोकणात फौज जमवली आणि पुण्यात त्याला देहान्त मिळाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र भाऊ गेल्याचं मानत नव्हत्या. ना. सं. इनामदारांनी ‘शिकस्त’मध्ये त्यांचं मन उलगडलं, तोतयाची ओळख पटवण्याचा तपास, साक्षी, खाणाखुणा, हा कादंबरीचा कणा अजून व्हायचा आहे.

आणि 30 ऑगस्ट 1773. शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. इथे रहस्यकथेला जे जे लागतं ते सगळं आहे: मारेकरी, त्यांना आत घेणारा माहितगार, सत्तेवर हक्क सांगणारा काका राघोबादादा, आणि तपास करणारा माणूसही असा की तसा रचून सापडणार नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे चौकशी करतात, दोर राघोबादादांपर्यंत नेतात, देहान्त प्रायश्चित्त सांगतात आणि पुणं सोडून जातात. आणि एक दस्तऐवज: ‘धरावे’चं ‘मारावे’ करणारं ते पत्र. इतिहासकारांनी त्या कथेवर शंका घेतल्या, पण शाळेतल्या पोरालाही ‘ध चा मा’ माहीत असतो आणि तो कुणी केला हेही माहीत असतं. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंचं नाव एका अक्षरावर अडीचशे वर्षं टांगलेलं आहे.

त्यांनी ते केलं नाही, असं म्हणणारी कादंबरी मला नको; ती टेची चूक होईल. मला हवी आहे ती अशी की जी रामशास्त्र्यांच्या समोर ते पत्र ठेवते, शाई बघते, हात कुणाचा ते विचारते, आणि ज्या बाईला विचारलंच गेलं नाही तिचा जबाब घेते. निकाल काय लागायचा तो लागो. जबाब तरी नोंदवला जाईल.